संकटकाळातलं संशोधन तपासणार कोण?

साथ आली किंवा युद्ध पेटलं, की वैद्यकीय महाविद्यालयांसमोर पहिला प्रश्न येतो तो मुलांचं काय करायचं हा. त्याची दोन उत्तरं ठरलेली आहेत: घरी पाठवा, नाहीतर कामाला लावा. मार्च २०२० मध्ये ही दोन्ही उत्तरं जगानं एकाच आठवड्यात पाहिली. अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेनं १७ मार्चला विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या पोस्टिंग तूर्त थांबवण्याची शिफारस केली. त्याच दिवसांत इटलीनं परवान्याची परीक्षा बाजूला ठेवून सुमारे १०,००० नव्या पदवीधरांना थेट सेवेत यायला वाट मोकळी करून दिली. दोन्ही निर्णयांमागची कारणं खरी होती. तिकडे मास्क आणि गाऊन पुरत नव्हते, इकडे डॉक्टर पुरत नव्हते. पण दोन्हीकडे गृहीत एकच होतं. संकटात विद्यार्थी म्हणजे एक तर जोखीम, नाहीतर जादाचे हात.

माझं म्हणणं असं आहे की संकटात विद्यार्थ्यांसाठी तिसरंही एक काम असतं, आणि ते दुसऱ्या कुणालाही नीट जमण्यासारखं नसतं. संकटात संशोधन प्रचंड वेगानं बाहेर पडतं. ते तपासून वाचणारी माणसं मात्र त्याच वेळी वॉर्डात अडकलेली असतात. शोधनिबंध बारकाईनं वाचून त्यातलं खरं-खोटं वेगळं करणं हे विद्यार्थ्यांचं शिक्षणही आहे आणि रुग्णसेवाही. महाविद्यालयांनी हे काम संकटाच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू करायला हवं. कोविडमध्ये ते अपवादानंच झालं, आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली.

'जादाचे हात' या कल्पनेला मी कमी लेखत नाही. तिचं सगळ्यात मोठं उदाहरण १९५२ च्या कोपनहेगनमधलं आहे. पोलिओच्या साथीत ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज येत होते. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या वेळच्या श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या ३१ जणांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण फार वाढलेलं दिसे, आणि त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झालंय असा लावला जाई. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं त्याच आकड्याचा अर्थ उलटा लावला. त्यांच्या मते रुग्णांच्या फुप्फुसांत हवेची ये-जा पुरेशी होत नव्हती, म्हणून वायू साठत होता आणि रक्त आम्लधर्मी होत होतं. २७ ऑगस्टला त्यांनी बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवली आणि रबरी पिशवी हातानं दाबून तिला श्वास दिला. मुलगी जगली.

मग प्रश्न आला पिशव्या दाबणार कोण हा. सुमारे १,५०० विद्यार्थी पाळ्या लावून बसले. एकेका वेळी सत्तरएक रुग्णांना असा हातानं श्वास दिला जात होता. रुग्णाच्या उशाशी बसायचं, पिशवी दाबायची, सोडायची, पुन्हा दाबायची. पुरेशी हवा जातेय का हे सांगणारं यंत्र नव्हतं, त्यामुळे चेहऱ्याचा रंग, कपाळावरचा घाम आणि मुलाचे डोळे यांवर लक्ष ठेवायचं. रुग्ण शुद्धीवर असत. दाब कमी पडतोय हे बोलता न येणारं मूल नजरेनं सांगे, आणि विद्यार्थ्याला ते ओळखावं लागे. मृत्यूचं प्रमाण जवळजवळ ९० टक्क्यांवरून निम्म्याच्या खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाचा उगम तिथलाच मानतात.

ही हकीकत सांगताना बहुतेक जण पिशवीपाशी थांबतात. मला तिची दोन्ही टोकं महत्त्वाची वाटतात. पिशवी हातात येण्याआधी कुणीतरी एक आकडा प्रचलित समजुतीविरुद्ध वाचला होता. आणि साथ पुरती ओसरायच्या आधीच, ३ जानेवारी १९५३ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय जर्नलमध्ये तिथले प्रमुख डॉक्टर लासेन यांनी सगळा अनुभव मृत्यूंच्या आकड्यांसकट छापला, म्हणून इतर देशांतल्या डॉक्टरांना तो वापरता आला. आधी नीट वाचन, मग हातांचं काम, मग मोकळेपणानं कळवणं. १,५०० विद्यार्थ्यांना आपण त्यातल्या फक्त मधल्या टप्प्यासाठी लक्षात ठेवलं.

आता वेगाबद्दल. कोविडनंतर एक तक्रार सतत ऐकू येते, की संशोधनाची घाई झाली आणि प्रीप्रिंटनं, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीच खुल्या केलेल्या निबंधांनी, घोटाळा केला. ही तक्रार मला पटत नाही. न कळवण्याचे परिणाम आपण आधी पाहिलेत. वुहानमधले नेत्रतज्ज्ञ ली वेनलियांग यांनी ३० डिसेंबर २०१९ ला वैद्यकीय महाविद्यालयातल्या आपल्या वर्गमित्रांच्या गटात नव्या आजाराची सूचना दिली. ३ जानेवारीला पोलिसांनी त्यांच्याकडून समजपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारीला त्याच आजारानं ते गेले. विषाणूचा जनुकीय क्रम झांग योंगझेन यांच्या शांघायमधल्या गटानं ११ जानेवारीला सगळ्यांसाठी खुला केला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची प्रयोगशाळा 'सुधारणेसाठी' बंद करण्यात आली. पण तो क्रम बाहेर पडला होता. त्याच्या आधारे तयार झालेल्या लसीचा पहिला डोस १६ मार्चला एका स्वयंसेवकाला दिला गेला. जर्नलच्या रांगेत तो क्रम अडकला असता तर?

पूर्वी तो बहुधा अडकलाच असता. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'नं १९६९ मध्ये नियम घातला होता, की आधी दुसरीकडे प्रसिद्ध झालेलं संशोधन आम्ही छापणार नाही. इतर जर्नलांनी तो उचलला आणि डॉक्टरांना छापून येईपर्यंत गप्प राहण्याची सवय लागली. भौतिकशास्त्रात १९९१ पासून प्रीप्रिंट रुळले होते. वैद्यकासाठीचं 'मेडआर्काइव्ह' हे प्रीप्रिंटचं संकेतस्थळ सुरू व्हायला जून २०१९ उजाडला, म्हणजे साथीच्या जेमतेम सहा महिने आधी.

वेगानं काय साधतं हे कोविडमध्ये डेक्सामेथासोन या औषधानं दाखवलं. ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत कुणाला औषध द्यायचं आणि कुणाला नेहमीचे उपचार, हे संगणक यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं, ठरवत होता. २,१०४ रुग्णांना औषध मिळालं, ४,३२१ जणांना नेहमीचे उपचार. १६ जून २०२० ला निकाल जाहीर झाला: व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी, नुसत्या ऑक्सिजनवरच्यांमधले एक पंचमांशानं. सहा दिवसांत प्रीप्रिंट आला, जर्नलमधला निबंध जुलैच्या मध्याला. औषध जुनं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं होतं. जर्नलची वाट पाहत तो महिना गप्प बसायला हवं होतं असं कुणी म्हणेल, तर त्या महिन्यात गेलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना ते समजावून दाखवावं.

मग बिघडलं कुठे? तीन प्रकरणं पाहू. तिन्हींत जर्नल आणि प्रीप्रिंट हा भेद कामाला येत नाही.

पहिलं फ्रान्समधलं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधानं कोविडचा विषाणू लवकर जातो असं सांगणारा निबंध १६ मार्च २०२० ला एका जर्नलकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी स्वीकारला गेला. औषध घेतलेल्या २६ रुग्णांपैकी फक्त २० मोजले होते. उरलेल्या सहांपैकी तिघे अतिदक्षता विभागात गेले होते, एक मरण पावला होता, एकानं मळमळीमुळे औषध सोडलं होतं आणि एक रुग्णालयातून निघून गेला होता. म्हणजे ज्यांची तब्येत बिघडली तेच हिशेबातून गळले होते. हे काही लपवलेलं नव्हतं, निबंधातच लिहिलं होतं. तरीही त्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, २८ मार्चला, अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधाला आपत्कालीन परवानगी दिली आणि १५ जूनला ती मागे घेतली. मधल्या काळात ल्युपससारख्या आजारांत ज्यांना हे औषध खरोखर लागतं, त्यांना ते मिळेना. निबंध मागे घेतला गेला तो थेट डिसेंबर २०२४ मध्ये.

दुसरं प्रकरण उलट्या दिशेचं. २२ मे २०२० ला 'लॅन्सेट'मध्ये ६७१ रुग्णालयांमधल्या सुमारे ९६,००० रुग्णांचा अभ्यास आला. हेच औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त, असा त्याचा निष्कर्ष. रीतसर पीअर रिव्ह्यू, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांकडून तपासणी, झालेला. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला. मग वाचकांनी एक साधी गोष्ट केली. निबंधात २१ एप्रिलपर्यंत ऑस्ट्रेलियातले ७३ मृत्यू मोजलेले होते. त्या तारखेपर्यंत त्या देशातल्या सगळ्या कोविड मृत्यूंची अधिकृत संख्या होती ६७. सर्जिस्फिअर या कंपनीनं पुरवलेली मूळ माहिती स्वतंत्र तपासणीसाठी मिळालीच नाही, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. त्याच कंपनीच्या माहितीवरचा 'न्यू इंग्लंड जर्नल'मधला निबंधही त्याच दिवशी गेला. जगातली दोन सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय जर्नलं. त्यांच्या परीक्षकांच्या नजरेतून सुटलेली विसंगती पकडायला वजाबाकी पुरेशी होती.

तिसऱ्या प्रकरणासाठीच मी हा लेख लिहायला घेतला. नोव्हेंबर २०२० मध्ये इजिप्तमधून आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाच्या कोविडमधल्या वापरावर एक प्रीप्रिंट आला. मृत्यू ९० टक्क्यांहून जास्त घटतात असा दावा होता. पुढचे आठ महिने तो वाचला गेला, उद्धृत झाला, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षांत जाऊन बसला आणि त्या निष्कर्षांचं पारडं औषधाच्या बाजूला झुकवत राहिला. लंडनमध्ये जॅक लॉरेन्स या वैद्यकीय विद्यार्थ्याला पदव्युत्तर अभ्यासक्रमातला स्वाध्याय म्हणून शिक्षकांनी हाच निबंध दिला. प्रस्तावना वाचताना त्याला जाणवलं की वाक्यंच्या वाक्यं दुसरीकडून उचलून थोडी फिरवलेली आहेत. मग त्यानं मूळ आकडेवारीची फाइल मिळवली. तिला पासवर्ड होता. अंदाजानं त्यानं १२३४ टाकून पाहिलं आणि फाइल उघडली. निबंधात अभ्यास ८ जूनला सुरू झाला असं लिहिलेलं, तर फाइलमधले बरेचसे मृत्यू त्याआधीच होऊन गेलेले. अठरा वर्षांखालच्यांना वगळल्याचं सांगितलेलं, तर फाइलमध्ये अठराखालचे रुग्ण. त्यानं इतर अभ्यासकांना गाठलं, त्यांनी रुग्णांच्या नोंदी एकसारख्या पुन्हा पुन्हा चिकटवलेल्या दाखवून दिल्या. जुलै २०२१ मध्ये प्रीप्रिंट काढून टाकला गेला.

आठ महिने तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेली गोष्ट एका विद्यार्थ्यानं पकडली, कारण त्याला ती नीट वाचायला कुणीतरी सांगितलं होतं आणि त्याच्याकडे वाचायला वेळ होता. हे दोन्ही त्या काळात जगभरातल्या लाखो विद्यार्थ्यांना देता आलं असतं. आपण त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून जुनीच व्याख्यानं ऐकवली. वैद्यकीय पुरावा डोळ्यांदेखत तयार होताना, फसताना आणि दुरुस्त होताना पाहण्याची अशी संधी कुठल्याच पिढीला मिळाली नव्हती, आणि ती अभ्यासक्रमाच्या बाहेर राहिली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शोधनिबंधाचं मूल्यमापन आजही बहुतेक ठिकाणी संख्याशास्त्राच्या धड्यात शिकवलं जातं. विद्यार्थी पी-व्हॅल्यूची व्याख्या पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. जर्नल क्लब असतो, पण त्यात सादर करणाऱ्याला निबंधाचा गोषवारा सांगायचा असतो. निबंध चुकीचा असू शकतो ही शक्यता कुणाच्या मनातही नसते. ज्या विद्यार्थ्याला छातीचा आवाज ऐकून निदान करायला आपण वर्षानुवर्षं शिकवतो, त्याला तुलनागट, म्हणजे ते औषध न दिलेल्या रुग्णांचा गट, कसा ऐकायचा हे एका तासात उरकून सांगतो. नोकरीत लागल्यावर मात्र तो रोज कुठल्या ना कुठल्या निबंधाच्या आधारे औषध लिहून देणार असतो.

करायचं काय, ते अगदी साधं आहे. वर्ग बंद झाले की विद्यार्थ्यांच्या जोड्या करायच्या, प्रत्येक जोडीला एक ताजा निबंध द्यायचा, सोबत एक शिक्षक. चाचणी सुरू होण्याआधी नोंदवली होती का? नोंदवताना जे मोजू म्हटलं तेच शेवटी मोजलं का? किती रुग्ण घेतले, किती हिशेबात आले, मधले कुठे गेले? तक्त्यांतल्या बेरजा जुळतात का? मूळ माहिती मागितली तर मिळते का? फ्रेंच निबंध यातल्या तिसऱ्या प्रश्नावर अडखळला असता, 'लॅन्सेट'मधला शेवटच्या प्रश्नावर. निघालेली टिपणं आधी लेखकांना पाठवायची, मग महाविद्यालयाच्या नावानं खुली करायची. आणि त्याला गुण द्यायचे, परीक्षेतल्या केसला देतात तसे. गुण नसतील तर हे काम हौशी मुलांपुरतंच राहील.

आणखी एक फायदा यात आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या तज्ज्ञांनी कोविडच्या उपचारांच्या चाचण्यांचा आढावा घेतला. २,८९५ चाचणी-गटांपैकी यादृच्छिक विभागणी असलेले आणि ठोस निष्कर्ष काढता येईल इतके रुग्ण असलेले गट जेमतेम ५ टक्के होते. बाकीच्यांत रुग्णांनी विश्वासानं भाग घेतला, धोका पत्करला, आणि हाती फारसं काही आलं नाही. दुसऱ्यांचे दुबळे निबंध तपासून जे डॉक्टर शिकलेले असतात, ते स्वतःची अशी चाचणी काढायला धजणार नाहीत. ते मोठ्या चाचणीत आपले रुग्ण सामील करतील.

आक्षेप आहेत, आणि ते ऐकायला हवेत. अर्धवट शिकलेल्या मुलांनी ज्येष्ठांवर खोटे आरोप केले तर? म्हणूनच शिक्षक सोबत हवा, आणि म्हणूनच टिपण आधी लेखकांकडे जायला हवं. त्याहून गंभीर प्रश्न मुलांच्या संरक्षणाचा आहे. फ्रेंच गटाच्या निबंधांतल्या त्रुटी दाखवणाऱ्या एलिझाबेथ बिक या अनुभवी संशोधिकेविरुद्धही २०२१ मध्ये सरकारी वकिलांकडे तक्रार झाली. विद्यार्थ्याला असं एकट्यानं तोंड द्यायला लावणं अन्याय आहे. सही संस्थेची असायला हवी, वकीलही संस्थेचा.

सगळ्यात जास्त वेळा येणारा आक्षेप म्हणजे माणसं मरत असताना निबंध वाचत बसायला कुणाला सवड आहे? याचं उत्तर मी दुसऱ्या महायुद्धातल्या पोलंडमधल्या वॉर्सात शोधतो. तिथल्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या भिंतीआडच्या वस्तीत, १९४१ मध्ये जर्मनांची परवानगी होती ती फक्त साथरोग निवारणाच्या प्रशिक्षणाला. युलियूश झ्वायबाउम यांनी त्या आडून चक्क वैद्यकीय महाविद्यालय चालवलं. रक्तगटांच्या आनुवंशिकतेवर मूलभूत काम केलेले लुडविक हिर्शफेल्ड तिथे शिकवत होते. १९४२ च्या फेब्रुवारीपासून तिथल्याच डॉक्टरांनी उपासमारीनं शरीराचं काय होतं याचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. रुग्ण भुकेले होते, तपासणारेही भुकेले होते. जुलैत मृत्युछावण्यांकडे गाड्या सुटू लागल्या आणि काम तुटलं. झालेल्या नोंदी लिहून काढल्या गेल्या, हस्तलिखित भिंतीपलीकडे पोहोचवलं गेलं, प्राध्यापक व्हिटोल्ड ओर्लोव्स्की यांनी ते सांभाळलं आणि १९४६ मध्ये ते छापलं गेलं. त्या डॉक्टरांपैकी बहुतेक तोवर हयात नव्हते. शिकवणं आणि कळवणं ही निवांत काळातली कामं आहेत असं त्यांना वाटलं नाही. त्यांच्यापुढे सवडीचा आक्षेप मला उच्चारता येत नाही.

राहिला मुद्दा निबंध हातात येण्याचा. ३१ जानेवारी २०२० ला अनेक मोठ्या प्रकाशकांनी नव्या विषाणूवरचं संशोधन साथ असेपर्यंत सर्वांना मोफत वाचू देण्याचं मान्य केलं. चांगलंच केलं. पण साथ सुरू झाल्यावर, साथीपुरतं आणि त्याच आजारापुरतं खुलं करणं कसं अपुरं पडतं, हे लायबेरियानं आधीच दाखवून दिलं होतं. १९८२ मध्येच युरोपीय संशोधकांनी एका निबंधात लिहिलं होतं की लायबेरियाचा समावेश इबोलाच्या प्रदेशात करायला हवा. २०१४ मध्ये तिथे इबोला आला तेव्हा आरोग्य यंत्रणेला हे ठाऊकच नव्हतं. पश्चिम आफ्रिकेत ११,३०० हून अधिक माणसं गेली. २०१५ मध्ये लायबेरियाच्या तेव्हाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीरपणे लिहिलं, की असा एक निबंध उतरवून घ्यायला ४५ डॉलर पडतात, म्हणजे तिथल्या डॉक्टरचा अर्ध्या आठवड्याचा पगार, आणि त्या निबंधांच्या लेखकांत एकही लायबेरियन नाही. रक्ताचे नमुने त्यांच्या लोकांचे होते. साथ ओसरली की निबंधांना पुन्हा कुलूप लावण्याची पद्धत आधी बंद व्हायला हवी. आणि जिथून नमुने नेले तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे निबंधाची प्रत, मूळ आकडेवारी आणि लेखकांच्या यादीतली जागा या तिन्ही गोष्टी पोहोचल्याशिवाय कुठल्याही जर्नलनं तो छापू नये.